सहाव्या मजल्यावर जाण्याआधी

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन रागानं ठेवलास, हे मला कळलं. बाबा म्हणाले, रेंज गेली असेल. मुलीला मुख्यमंत्री कार्यालयात उसनवारीवर, म्हणजे मूळ विभागातून तात्पुरतं, बोलावलंय म्हटल्यावर आईनं आधी तोंडभरून कौतुक करावं, आणि मी विचारलं काय, तर "तोंडी बोलावलंय की आदेश निघालाय?" तुला लागलं असणार. पण जन्म तहसील कचेरीत गेला माझा, दुसरं काय सुचणार? पेढे वाटले बरं का, दुसऱ्या दिवशी. मनूच्या सासरीसुद्धा पाठवले.

तू दुसरी-तिसरीत होतीस. आजी भाकरी थापायची आणि तू तिच्यासमोर बसून मुख्यमंत्र्यांची नावं म्हणायचीस. यशवंतराव, कन्नमवार, की उडी थेट वसंतराव नाईकांवर. मधले बाळासाहेब सावंत दर वेळी गाळायचीस. कन्नमवार पदावर असतानाच गेले, 24 नोव्हेंबर 1963 ला, आणि वसंतरावांचा शपथविधी 5 डिसेंबरला. मधले दिवस सावंतांनी कारभार पाहिला. "एवढ्याशा दिवसांसाठी कशाला पाठ करायचं?" म्हणालीस. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणून करायचं, असं मी दटावलं होतं.

वसंतरावांचं नाव आलं की आजी मध्येच बोलायची. "त्यांच्या राज्यात मी खडी फोडली." बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर होती ना ती. हातात सुकडी मिळायची, ती आप्पांसाठी पदरात बांधून आणायची. आणि एक सांगायची, ते तुला आठवत नसेल. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव असलं तर मजुरी, नसलं तर दिवसभर फोडलेली खडी फुकट. मुख्यमंत्री कोण, कुठल्या गावचे, हे त्या बायांना नंतर कळलं. मस्टर कोण लिहितो, हे मात्र पहिल्या दिवशी माहीत झालं.

आता तू मस्टर लिहिणाऱ्यांच्या बाजूला आहेस. टिपणी तू लिहिणार. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, अशी ती वर चढत जाणार. वरचा प्रत्येक जण "सहमत" म्हणून मोकळा, पण पहिलं वाक्य तुझं. म्हणून म्हणते, कोणी फोनवर "साहेबांची इच्छा आहे" म्हणालं, तर ते वाक्य टिपणीत असंच घालू नकोस. कोणाच्या सूचनेवरून, कोणत्या तारखेला, हे लिहायचं. शेरा असेल तर त्याची प्रत लावायची. "नियमानुसार कार्यवाही करावी" असा शेरा असेल, तर नियम काय म्हणतो ते आधी मांडायचं. साहेबांना काय हवंय, हा अंदाज त्यात घालायचा नाही.

बघ, लागलेच शिकवायला. परीक्षा तू दिलीस, पुण्यात त्या कोंदट अभ्यासिकेत डबे खाऊन. मी कोण तुला टिपणी शिकवणारी? राग मानू नकोस.

पण किल्लारीच्या भूकंपानंतरच्या याद्या मी पाहिल्यात गं. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, आणि पहाटे सगळं होत्याचं नव्हतं झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री पवारसाहेब त्याच दिवशी येऊन उभे राहिले. यंत्रणा कशी हलवायची असते, ते तेव्हा पाहिलं. माणूस आवडो न आवडो, हे मान्य करायलाच हवं. पण मोठा माणूस पुढच्या गावाला जातो आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये बसून घराघराची नोंद कारकून करतो. दुसऱ्या एका कचेरीतल्या अशाच एकानं वरून सांगितलं म्हणून यादीत दोन नावं वाढवली. सांगणाऱ्याची बदली झाली. चौकशी लागली ती ह्याच्यावर, आणि सांगणाऱ्यानं "मला आठवत नाही" एवढंच म्हटलं. त्याची बायको आमच्या घरी येऊन बसायची. बोलायची काही नाही, शेंगा सोलायची.

वसंतराव अकरा वर्षांच्या वर टिकले. त्यांच्यानंतर सलग पाच वर्षं पूर्ण केली ती फडणवीसांनीच, 2014 ते 2019. बाकी सगळी ये-जा. वसंतदादा, शंकरराव दोनदोनदा आले आणि गेले. विलासराव दोनदा, आजी तर "आपला विलास" म्हणायची, बाभळगाव जणू तिचं माहेर! आणि 2019 च्या नोव्हेंबरात तूच सकाळी फोन करून म्हणाली होतीस, "आई, टीव्ही लाव, शपथविधी झालासुद्धा." 23 ला फडणवीसांची शपथ, 26 ला राजीनामा, 28 ला उद्धव ठाकरेंची शपथ. चालू घडामोडींची वही खोडून खोडून फाटली म्हणून तू हसत होतीस. मला तेव्हा हसू आलं नाही. त्या चार दिवसांत मंत्रालयात कोणी कोणाच्या सांगण्यावरून काय लिहिलं असेल, हेच मनात येत होतं.

2012 च्या जूनमध्ये मंत्रालयाला आग लागली, तेव्हा मुख्यमंत्री कार्यालयाचा तुझा तो सहावा मजलाही जळाला आणि कितीतरी फायली गेल्या. आता तर ई-ऑफिस आहे, फायली संगणकावरच. तेव्हा जळण्याच्या भरवशावर काही लिहू नकोस! (हे बाबांचं वाक्य. मी फक्त लिहिलं.)

अभिमान वाटतो, हे तुला सांगायचं राहूनच जातंय. महाराष्ट्राला अजून बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही. गोव्यात शशिकलाताई काकोडकर 1973 लाच झाल्या, तेव्हा तर गोवा केंद्रशासित होता. त्या मजल्यावर आपल्या घरातली मुलगी फाईल घेऊन जाणार, हे आजीला सांगायला हवं होतं. तिनं आधी विचारलं असतं, तिथं पगार वेळेवर होतो का!

डब्यातले धपाटे दोन दिवसांत संपव. गुडघ्याचं माझं बरं आहे, दादा उगीच वाढवून सांगतो.

तुझी,
आई

ता. क. बाबा वाचून म्हणाले, जाऊ नको असंच लिहिलंयस की. तसं नाही. जा. फक्त आदेश हातात आल्याशिवाय टेबल सोडू नकोस, आणि मूळ विभागात धारणाधिकार, म्हणजे तुझ्या जागेवरचा हक्क, राहील हे त्यात लिहिलंय का, ते बघून घे. नसेल तर लेखी विचार.