गोपनीय अहवालातला पहिला भाग

महोदय,

३१ मार्च उलटला की सरकारी कचेऱ्यांत गोपनीय अहवालांची घाई सुरू होते. आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात आणि तो संगणकावर भरतात. पहिला भाग मात्र तोच राहिला: आपल्या कामाबद्दल आपणच लिहायचं. बीड जिल्ह्यात मंडळ अधिकारी असताना मीही तो दरवर्षी भरला. त्यातलं एक वर्ष अजून टोचतं.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात गारपीट झाली. पंचनाम्यांसाठी उजाडताच निघायचो, रात्री दहापर्यंत याद्या जुळवत बसायचो. त्याच महिनाअखेरीस मी अहवालात लिहिलं, ‘फेरफार नोंदी मुदतीत निकाली काढल्या.’ (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेला बदल.) आपण खोटं लिहितोय असं मनातही आलं नाही. साहेबांनी ‘अ’ दिला. (त्यांनी तरी वही कुठे उघडून बघितली होती!)

जूनमध्ये बदली झाली. चार्ज देताना नमुना ६ च्या, म्हणजे फेरफारांच्या, वह्या काढल्या, तर ६३ नोंदी प्रलंबित. त्यातल्या ३८ नोंदींना कुणाची हरकतच नव्हती. नोटिशीचे १५ दिवस कधीच सरलेले, फक्त माझी सही राहिलेली. त्यात एका म्हातारीची वारसाची नोंद होती. ‘लेकरा, तिसरा खेटा हाय ह्यो माजा,’ असं ती म्हणाली होती आणि मी तिला चहा पाजून परत पाठवलं होतं. मला चहा आठवत होता. खेटे तिनं मोजले होते.

माझ्याच मंडळात एक अबोल तलाठी होता. स्वतःबद्दल तीन ओळींवर कधी लिहायचा नाही. तहसीलमधून त्याच्याबद्दल विचारणा झाली तेव्हा मी ‘साधारण’ म्हणून मोकळा झालो. चार्जच्या त्या यादीत त्याच्या सज्जातली, म्हणजे त्याच्याकडच्या गावांतली, एकही नोंद त्याच्यापाशी अडलेली नव्हती. ज्या होत्या त्या माझ्या टेबलावर.

माझी मुलगी वाळूजच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. तिला हे सांगितलं तर ती हसली. हॅरिस आणि शॉब्रॉक या अभ्यासकांनी १९८८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून ताळा घातला होता म्हणे. पूर्ण मेळ म्हणजे १ धरला, तर साहेब आणि सहकारी यांच्या मतांचा मेळ ०.६२ निघाला, साहेब आणि खुद्द कर्मचारी यांचा जेमतेम ०.३५. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात तर १९७७ मध्ये ९४ टक्के प्राध्यापकांनी आपलं काम सरासरीपेक्षा सरस ठरवलं होतं. शिकल्या-सवरल्यांची ही तऱ्हा, तिथं माझ्यासारख्याचं काय घेऊन बसलात!

मला सुचवायचं आहे ते एवढंच. अहवालाच्या त्या रकान्यावर यंत्रणेनेच आधी आकडा टाकून द्यावा: हरकत नसलेल्या किती नोंदी १५ दिवसांपुढे पडून आहेत, त्यातली सर्वांत जुनी कोणत्या तारखेची. फेरफार आता ऑनलाइन असल्याने त्यासाठी कुणाला रात्र जागवावी लागणार नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही विचारावं. मग त्याखाली कर्मचाऱ्याने खुशाल काय लिहायचं ते लिहावं.

– एक निवृत्त मंडळ अधिकारी, अंबाजोगाई