‘सर्व पॅकेजेस अद्ययावत’ या ओळीवर विसंबू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आली की तिच्या शेपटाला ‘संगणकातील सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा’ ही ओळ ठरलेली असते. सल्ला रास्तच आहे. पण तो पाळला गेला की नाही, हे बघायचे कसे, ते कोणी लिहीत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पतसंस्था, विकास सोसायट्या, मच्छीमार सोसायट्या, शाळा आणि आता होमस्टेवाले यांचे संगणक बहुधा वार्षिक देखभाल करारावर (एएमसी) चालतात. एएमसीवाला येतो, पडद्यावर ‘सर्व पॅकेजेस अद्ययावत’ ही ओळ दाखवतो, रजिस्टरवर सही घेतो आणि पुढच्या गावाला निघतो. त्या ओळीची किंमत किती, एवढ्यापुरतेच हे पत्र. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक गठ्ठा. सर्व्हर बहुतेक ठिकाणी लिनक्स या प्रणालीवर असतो, म्हणून भर तिच्यावर आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या असल्या तरी टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे वापरावीत.

ती ओळ तीन वेगवेगळ्या परिस्थितींत उमटते. एक, खरोखर सगळ्या दुरुस्त्या बसल्या आहेत. दोन, दुरुस्त्या आल्या आहेत की नाही हे संगणकाला विचारताच आलेले नाही. तीन, दुरुस्त्या येणेच बंद झाले आहे. पडद्यावर तिन्ही वेळा दिसते तेच.

दुसरा प्रकार आपल्याकडे फार. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर पॅकेजेस आणण्या-बसवण्याचे काम ‘ॲप्ट’ हा प्रोग्रॅम करतो. त्याची ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा फक्त याद्या मागवते, बसवत काहीच नाही. लाइन गेल्यामुळे याद्या उतरल्या नाहीत तर ॲप्ट जुन्याच यादीशी ताडून ‘सर्व अद्ययावत’ असा निर्वाळा देतो, आणि ‘डब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या एक-दोन ओळींत ‘काही याद्या मिळाल्या नाहीत, जुन्या वापरल्या’ हेही सांगून मोकळा होतो. त्या ओळी कोणी वाचत नाही. ‘डब्ल्यू’ किंवा ‘ई’ने सुरू होणारी एकही ओळ नसेल, तरच पुढचे बघण्यात अर्थ आहे.

वीज सारखी जाते तिथे आणखी एक भानगड होते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली की संगणक बंद होऊन सुरू झाल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग नेटवरून वेळ जुळेपर्यंत ॲप्ट ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ म्हणून यादीच नाकारतो, ब्राउझरही प्रमाणपत्रांबद्दल कुरकुरतो. लोक मग सर्व्हर बिघडला समजून इंजिनिअरला फोन लावतात. आधी ‘डेट’ एवढीच आज्ञा देऊन तारीख बघावी.

आणि हॉटस्पॉट. गुहागर-राजापूरकडच्या कितीतरी कार्यालयांत पावसाळ्यात केबल तुटली की मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात आणि महिनोन्‌महिने तोच राहतो. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटला लिनक्स ‘मोजून वापरायचे कनेक्शन’ समजतो, आणि आपोआप दुरुस्त्या बसवणारा ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हा भाग अशा कनेक्शनवर मुळातच गप्प बसतो. लॅपटॉप बॅटरीवर असेल तरी तो काम करत नाही. यात बिघाड काही नाही, मूळ सेटिंगच तसे आहे. स्वयंचलित अपडेट चालू असल्याची खूण दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. व्हार-लॉग फोल्डरातील ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ या उपफोल्डरात शेवटची नोंद कधीची आहे, ते पाहावे. तिथेच ‘ॲप्ट’ या उपफोल्डरात ‘हिस्टरी’ ही फाइल असते. कोणत्या तारखेला कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, ते तिच्यात सापडते.

तिसऱ्या प्रकाराला इलाज एकच, मुदती माहीत असणे. उबुंटू २०.०४ ची नेहमीची मुदत मे २०२५ मध्ये संपली, सेंटओएस ७ या दुसऱ्या लिनक्सची ३० जून २०२४ ला. अशा यंत्रावर बरेचदा सगळे शांत दिसते, कारण बोलणारेच उरलेले नाही. उबुंटूत आणखी एक पोटभेद आहे. मुदतीत असतानाही सुरक्षा दुरुस्त्यांची नेहमीची हमी ‘मेन’ या भांडारातील (पॅकेजेस जिथून उतरतात त्या साठ्यातील) पॅकेजेसना असते, ‘युनिव्हर्स’मधल्यांना तशी नसते. ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ ही आज्ञा दिली की कोणत्या भांडारातली किती पॅकेजेस बसली आहेत, हे आकड्यांत कळते. उबुंटू प्रो ही वाढीव सेवा घेतली की ‘युनिव्हर्स’ही दुरुस्त्यांच्या कक्षेत येते. वैयक्तिक वापरासाठी ते पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे, संस्थांना मात्र पैसे मोजावे लागतात.

आता खरी गोची. याद्या नीट उतरल्या, मुदतही शिल्लक आहे. तरी एखाद्या विशिष्ट धोक्यावर दुरुस्ती मिळाली की नाही हे आवृत्तीच्या आकड्यावरून सांगता येत नाही. डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांची पद्धत अशी की मुदत असेपर्यंत बहुतेक पॅकेजेसची मूळ आवृत्ती तीच ठेवायची आणि नव्या आवृत्तीतील फक्त सुरक्षेची दुरुस्ती मागे आणून जुन्यात बसवायची. कौलारू घराचे फुटलेले कौल तेवढे बदलावे तसे हे काम: घर कोणत्या सालचे हे विचारून ते गळते की नाही, ते कळणार नाही.

एप्रिल २०१४ मधील ‘हार्टब्लीड’चे उदाहरण घ्या. नेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या पॅकेजच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत ते भोक होते, १.०.१जी मध्ये बुजले. डेबियन ७ वर मात्र दुरुस्तीनंतरही आवृत्ती १.०.१ई अशीच दिसत राहिली. बदलले ते शेपूट: ‘डेब७यू५’. वरचा आकडा पाहणाऱ्याला यंत्र धोक्यात वाटले असते, आणि ते सुरक्षित होते. उबुंटू २२.०४ वरचा अपाचे (वेबसाइट चालवणारा सर्व्हर) आजही २.४.५२ असाच दिसतो. सुरक्षेतली भोके शोधणारा स्कॅनर तेवढाच आकडा वाचतो आणि अहवालात लाल शेरा मारतो. मग घाबरून कोणीतरी बाहेरच्या भांडारातून ‘लेटेस्ट’ आणून बसवतो, आणि त्या दिवसापासून त्या पॅकेजला उबुंटूच्या दुरुस्त्या मिळणे थांबते. ऑडिटरने लाल शेरा मारला तर एकच विचारावे: सीव्हीई क्रमांक (प्रत्येक जाहीर झालेल्या भोकाला मिळणारा ओळख-क्रमांक) कोणता? तो सांगता येत नसेल तर शेरा निव्वळ आकडा वाचून मारलेला आहे. नवे ते चांगले असेही नसते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या पॅकेजमध्ये चोरदरवाजा सापडला तो ५.६.० आणि ५.६.१ या त्या वेळच्या ताज्या आवृत्त्यांत. जुनी वापरणारे बचावले.

सीव्हीई क्रमांक हातात असला की तपासणी पाच मिनिटांची. ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचे नाव लिहिले की ‘इन्स्टॉल्ड’ आणि ‘कँडिडेट’ अशा दोन ओळी दिसतात. दोन्ही सारख्या हव्यात, आणि खालच्या उगमाच्या ओळींत ‘सिक्युरिटी’ हे भांडार दिसते का, ते बघावे. ते नसेल तर त्या पॅकेजला सिक्युरिटी भांडारातून दुरुस्ती आलेलीच नसेल, किंवा कोणीतरी भांडारांची यादी असलेल्या सोर्सेसच्या फाइलमधून ती ओळ उडवली असेल. कँडिडेट पुढचा असूनही पॅकेज हलत नसेल तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा द्यावी. अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर बिघडू नये म्हणून कोणीतरी कधीतरी पॅकेज रोखून ठेवलेले असते आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. त्यानंतर ‘ॲप्ट चेंजलॉग’ आणि पॅकेजचे नाव. या नोंदवहीत प्रत्येक दुरुस्तीखाली सीव्हीई क्रमांक लिहिलेला असतो. तुमची आवृत्ती त्या नोंदीची किंवा तिच्या नंतरची असेल तर दुरुस्ती मिळाली. नेट नसेल तर युएसआर-शेअर-डॉक फोल्डरात पॅकेजच्या नावाखाली हीच नोंदवही दाबून ठेवलेली असते. उबुंटूत तिथे फक्त अलीकडच्या नोंदी असतात. रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’ देऊन त्यातून सीव्हीई गाळून घ्यावेत.

नोंदवहीत क्रमांक सापडला नाही म्हणजे लगेच धोका, असे समजू नये. कधी कधी जुन्या आवृत्तीत तो सदोष भागच नसतो. त्यासाठी उबुंटू आणि डेबियन दोघेही प्रत्येक सीव्हीईचे पान ठेवतात, त्यावर आवृत्तीनिहाय स्थिती असते. उबुंटूच्या पानावर ‘फिक्स्ड’ (पूर्वी ‘रिलीज्ड’) म्हणजे दुरुस्ती आली, ‘नॉट अफेक्टेड’ म्हणजे लागूच नाही, ‘व्हल्नरेबल’ (पूर्वी ‘नीडेड’) म्हणजे हवी आहे पण अजून आलेली नाही. ‘व्हल्नरेबल’ दिसले तर कितीही अपडेट करून उपयोग नाही. ती सेवा तात्पुरती बंद ठेवणे किंवा निदान बाहेरून पोहोचू न देणे, एवढेच हातात राहते.

दुरुस्ती डिस्कवर बसली म्हणजे लागू झाली, हाही गैरसमज. ओपनएसएसएल बदलले तरी आधीपासून चालू असलेला अपाचे मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो. हार्टब्लीडच्या वेळी पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू न करणाऱ्यांचे भोक तसेच उघडे राहिले. ‘नीडरीस्टार्ट’ ही आज्ञा अशा सेवा शोधून दाखवते. कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, तर सहसा रीबूटशिवाय चालत नाही: ‘युनेम -आर’ चालू कर्नल सांगते, तो बसवलेल्यांतल्या सर्वांत नव्याशी जुळायला हवा. चारशे दिवस सर्व्हर बंद केला नाही, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ चारशे दिवसांचा जुना कर्नल.

आणि अपडेट चालू असतानाच वीज गेली तर? यूपीएसने दगा दिला की पॅकेज अर्धवट राहते. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत पहिल्या रकान्यात ‘आयआय’ ही अक्षरे हवीत; ‘आययू’ किंवा ‘आयएफ’ असेल तर ते अर्धवट आहे. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ दिले की बहुधा मार्गी लागते. न लागल्यास डिस्कवरच्या बूट विभाजनाची (संगणक सुरू करणाऱ्या फाइली असतात तो भाग) जागा तपासावी. जुन्या कर्नलांनी ते भरले असेल तर पुढचे काहीच बसत नाही. अशा वेळी ‘ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढावेत.

वरचे सगळे फक्त ॲप्टला माहीत असलेल्या पॅकेजेसना लागू. सोसायटीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बरेचदा स्वतःचा जावा, स्वतःचा टॉमकॅट, स्वतःचा डेटाबेस आपल्याच फोल्डरात घेऊन येते, आणि त्याकडे ॲप्ट ढुंकूनही बघत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावा प्रोग्रॅमांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉग४जे’ या भागाने याच वाटेने जगभर धावपळ उडवली. ‘लॉग४जे-कोअर’ नावाची फाइल शोधून नावातला आकडा बघावा. जावा ८ किंवा पुढचा असेल तर २.१७.१ च्या खालचा आकडा चालणार नाही, कारण २.१५, २.१६ आणि २.१७.० या तिन्ही दुरुस्त्यांना पाठोपाठ ठिगळ लावावे लागले. इथे मात्र आकडाच खरे बोलतो. पण नुसते नाव शोधूनही भागत नाही: ती फाइल दुसऱ्या मोठ्या फाइलच्या पोटात असली तर शोधात येत नाही. म्हणून विक्रेत्याकडून ते लेखी घ्यावे.

विंडोजवर काम सोपे. दहा आणि अकराचे मासिक अपडेट एकत्रित असते, त्यामुळे अपडेट हिस्टरीत शेवटच्या महिन्याचे दिसले की मागचे सगळे आले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. शिवाय दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या विनरारसारखे प्रोग्रॅम विंडोज अपडेटच्या कक्षेत नाहीत आणि स्वतःहूनही बदलत नाहीत: ६.२३ च्या आधीचा विनरार असेल तर २०२३ चे भोक अजून उघडे आहे.

म्हणून संस्थांच्या सचिवांना विनंती. एएमसीच्या पावतीवर ‘अपडेट केले’ हे दोन शब्द स्वीकारू नयेत. याद्या त्रुटीविना उतरल्याची तारीख, कोणती पॅकेजेस कोठून कोठे गेली त्याची हिस्टरी फाइलमधली छापील प्रत, रीबूटची वेळ, रोखून ठेवलेल्या पॅकेजेसची यादी कारणासह, आणि यंत्राच्या प्रणालीची मुदत कधी संपते ते साल, एवढे पावतीला जोडून मागावे. हे सगळे काढायला एका यंत्रामागे अर्धा तासही लागत नाही. मृग लागायच्या आधी एकदा आणि गणपतीची सुट्टी लागायच्या आधी एकदा ही तपासणी ठरवून करून घ्यावी. सुट्टीत एएमसीवाल्याचा फोन लागत नाही, आणि दुरुस्त्या तर तेव्हाही येतच असतात.

आपला,
एक संगणक-देखभाल व्यावसायिक, रत्नागिरी