पावसाळ्याआधी टाक्या बंद करू या : मंडळाचे आवाहन

सर्व रहिवासी बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या टाक्यांना झाकणं बसवायचं ठरलं तेव्हा पहिली पावती फाडली ती आपल्या निवृत्त गिरणी कामगारांनी. महिलांनी भिशीतून लोखंडी शिडी घेऊन दिली. ती आजही रोज वापरात आहे. बाजारातल्या दुकानदारांनी जाळी दिली, चाळीतल्या प्लंबर मुलांनी मजुरी घेतली नाही. लालबागला शोभेल असंच हे काम झालं. मंडळ या सर्वांचं कायमचं ऋणी आहे.

गेल्या वर्षी मात्र सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मनाला लागलं, म्हणून लिहितो आहोत.

गटारामुळे डेंग्यू होतो ही समजूत सोडा. गटारातला डास क्युलेक्स जातीचा, तो डेंग्यू पसरवत नाही. हिवताप आणि डेंग्यूचे डास आपल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतात. 1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा माग विहिरींपर्यंत काढला होता. विहिरीतला तोच हिवतापाचा डास, ॲनोफिलीस स्टीफन्सी, आज गच्चीवरच्या टाकीत अंडी घालतो.

झाकणाला फट नको. ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी हवी, तीही स्टेनलेस स्टीलच्या क्लिपने आवळलेली. सुतळी पावसात कुजते. फडकं बांधलं तर गाळाने पाइप तुंबतो आणि कुणीतरी ते काढून फेकतं. सगळं बिघडतं ते टाकी धुतल्यावर झाकण बाजूलाच राहतं तेव्हा.

पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे पिंप भरावंच लागतं. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. म्हणून नुसतं ओतू नका, कड काथ्याने घासा. अंड्याचा डास व्हायला 8-10 दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, पाळलाच पाहिजे. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, ताडपत्रीच्या घड्या, टायर हेही त्याच दिवशी. धूरफवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

हवं आहे : झाकणं, जाळी, 2 आणि 4 इंची क्लिपा, दुसरी शिडी, दर रविवारी सकाळी 8 वाजता प्रत्येक मजल्यावरून एक माणूस. वर्गणी यथाशक्ती, वस्तू दिली तरी चालेल. 31 मेपर्यंत मंडळाच्या कार्यालयात, सायं. 7 ते 9. पावती घ्यावी. गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती शनिवारीच आणून द्यावी.

आपला,
चिटणीस