शेवटी नाव कोणाचं आलं?

प्रिय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या रॉक बँडांवर लेख आला आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रांत चांगलीच जुंपली. ती सगळी पत्रं मी आणि माझी मुलगी, दोघांनी वाचली. एका ज्येष्ठ वाचकानं लिहिलं की बीटल्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड यांच्यानंतर संगीतात नवं काही घडलंच नाही, आजच्या पोरांना कान नाहीत. त्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं उत्तर दिलं की तुम्ही ज्याला प्रभाव म्हणता ती तुमच्या तरुणपणाची आठवण आहे. वयानं मी त्या ज्येष्ठ वाचकाच्या बाजूचा. पण दोघांनाही एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पत्र लांबलं आहे, जमलं तर पूर्ण छापावं.

माझं मूळ गाव पैठण तालुक्यातलं. १९८७ साली वाळूज एमआयडीसीत पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, म्हणजे प्रेसवर, ऑपरेटर म्हणून लागलो आणि ३१ वर्षांनी त्याच शॉपमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. तेव्हा वाळूजला कारखाने पटापट उभे राहत होते आणि राहायला खोली मिळणं मुश्कील होतं. एका पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं. त्यातला एक पुण्याहून आलेला ट्रेनी. त्याच्याकडे टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, आणि बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या कॅसेटी. मी तोवर भजन, रेडिओवरची हिंदी गाणी आणि जत्रेतला तमाशा एवढंच ऐकलेलं. इंग्रजी शब्द तर चार कळायचे.

पहिली कॅसेट ऐकली ती ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या बँडची. पावसाचा आवाज, लांबून घंटा, आणि मग गिटारचे तीन जड सूर, एकामागून एक, घाई नसलेले. मी नुकताच दुसरी पाळी करून आलो होतो. कानात अजून प्रेसचे ठोके होते. त्या तीन सुरांनी मला जागेवर बसवलं, कारण तो आवाज मला ओळखीचा होता. जाड पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, बसतो आणि वरचा पंच खाली येतो तेव्हा पायाखालची फरशी जशी हलते, तसंच ते होतं. मग ट्रेनीनं सांगितलं की हे वाजवणारा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७ व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे उजव्या हाताचीच बोटं तारांवर दाबायची. गिटार सुटल्यातच जमा होती. कारखान्यातल्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी झालेला माणूस काय वाजवतो ते दाखवलं. मग या पोरानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. पुढं त्यानं तारा सैल करून सूर खाली उतरवले. दुखऱ्या बोटांना सोपं जावं म्हणून केलेली ती सोय होती, आणि तिच्यातून आलेला जडपणा आज जगभरच्या मेटल बँडांत ऐकू येतो.

ही गोष्ट मी तेव्हा गोष्ट म्हणूनच ऐकली. १९९० च्या पावसाळ्यात ती माझ्या शेजारच्या प्रेसवर घडली.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येऊ नये, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. पण प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची आणि एका हातानं काम उरकायचं, ही तिथली राजरोस रीत होती. वरच्यांना माहीत होतं. गेवराईकडचा २२ वर्षांचा मुलगा, तिसरी पाळी, पहाटेचे साडेचार. ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी प्रेस बंद केला, हाताला मिळेल ते कापड गुंडाळलं, टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्हींची टोकं गेली होती. कंपनीच्या कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. पाचर कागदावर आली नाही.

तो मुलगा गावाकडे भजनात पेटी वाजवायचा. पंधरा दिवसांनी मी ट्रेनीचा टू-इन-वन उचलून त्याच्या खोलीवर गेलो. कॅसेट लावली, बर्मिंगहॅमची सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं, याला धीर येईल. त्यानं खाली मान घालून पूर्ण गाणं ऐकलं आणि विचारलं, "त्याला कंपनीनं काय दिलं?"

मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही.

पेटी त्यानं सोडली. हल्ली भजनात टाळ वाजवतो, टाळाला बोटांची टोकं लागत नाहीत. म्हणजे एका गाण्यानं त्याचं आयुष्य फिरलं वगैरे मी म्हणणार नाही. माझं मात्र फिरलं. सुपरवायझर झाल्या दिवसापासून माझ्या पाळीत कुठल्याही बटणात पाचर दिसली की मी मशीन बंद करायचो. टार्गेट बुडो, मेमो येवो. तीन मेमो आले, ते जपून ठेवलेत. त्या कॉलेजकन्येला माझं हे उत्तर आहे. बाई, प्रभाव म्हणजे नुसती आठवण नसते. माझ्या पाळीतली बोटं शाबूत राहिली, त्यात त्या तीन सुरांचा वाटा आहे.

आता ज्येष्ठ वाचकांकडे वळतो, कारण चूक आमच्या पिढीचीही आहे.

१९९१ मध्ये दादा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे येऊन राहिले. वारकरी माणूस, आयुष्यभर पखवाज वाजवलेला. भजन सुरू व्हायच्या आधी कणीक मळून पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, लावायचे आणि थापेगणिक चिमूट चिमूट काढत बसायचे. सूर मनासारखा लागेस्तोवर मंडळी ताटकळत थांबायची. डोळ्यावर पट्टी, करमणुकीला काही नाही, म्हणून एके दुपारी मी लेड झेपलिनची दुसरी कॅसेट लावली. गोंगाट म्हणतील अशी माझी अटकळ होती. ते मांडीवर बोटांनी ठेका धरून बसले. ड्रमवाल्याचा हात चांगला आहे म्हणाले. पहिलं गाणं संपलं तसं त्यांनी विचारलं, "शेवटी नाव कोणाचं आलं?"

मी बँडचं नाव सांगितलं. "बँडचं नाही रे. रचलं कोणी? गाण्यात नाव आलं नाही."

त्यांच्या लेखी गाणं म्हटलं की शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येणारच. तुका म्हणे, चोखा म्हणे. आणि आमच्या पैठणच्या नाथांची नाममुद्रा तर 'एका जनार्दनी'. देवगिरीच्या किल्ल्यावर ज्यांच्याकडे नाथ शिकले त्या जनार्दनस्वामींचं नाव आपल्या नावाला जोडूनच गाण्यात येतं. जनाबाई स्वतःला 'नामयाची जनी' म्हणवते. कोणाकडून घेतलं ते गाण्यातच सांगून टाकलं आहे. कागद फाटो, वही हरवो, गाणारा निरक्षर असो, नाव पुसता येत नाही. मी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. ट्रेनीच्या बॉलपेननं 'लेड झेप २' एवढंच लिहिलेलं.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला अठ्ठावीस वर्षांनी मिळालं, आणि ते मुलीनं दिलं. २०१९ च्या दिवाळीत मी तेच गाणं, 'होल लॉटा लव्ह', तिच्या मोबाइलवर लावायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे विली डिक्सन यांचं आहे. यांनी उचललं." मी चिडलो. तीस वर्षं ज्यांना मानलं त्यांना घरात चोर म्हणावं, तेही लाडू खाताना! दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारी बसवून, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज गाणारे मडी वॉटर्स, त्यांची १९६२ ची रेकॉर्ड ऐकवली. गाणं शिकागोच्या विली डिक्सन यांचं, आणि झेपलिनच्या गाण्यात त्यातल्या ओळीच्या ओळी. झेपलिननं १९६९ मध्ये आपलं गाणं काढलं तेव्हा त्यावर डिक्सन यांचं नाव नव्हतं. १९८५ मध्ये डिक्सन कोर्टात गेले, दोन वर्षांनी तडजोड झाली, आणि पुढच्या आवृत्त्यांवर त्यांचं नाव आलं. झेपलिनच्याच पहिल्या अल्बमवर दोन गाण्यांना डिक्सन यांचं नाव छापलेलं आहे. म्हणजे हा माणूस त्यांना माहीत नव्हता असंही म्हणता येत नाही. यापुढं माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

त्या रात्री मला जे सुचलं ते मला या सगळ्या वादाचं मूळ वाटतं. आमच्या पिढीनं इथं मराठवाड्यात हे संगीत कॉपीवरून केलेल्या कॉपीवर ऐकलं. जॅकेट नाही, आतला कागद नाही, गीतकार कोण, संगीतकार कोण, काही नाही. जे कानावर पडलं ते सगळं त्या चारपाच जणांनीच शून्यातून काढलं असं आम्ही धरून चाललो आणि भक्ती केली. मुलीच्या पिढीला गाण्याबरोबर गाण्याचा सातबाराही दिसतो. मूळ कोणाचं, फेरफार कधी झाला, सगळं. म्हणून तिला आधी चोरी दिसते आणि मला आधी गिटार ऐकू येते. यात कान असण्या-नसण्याचा संबंध कुठे आला?

तिच्याशीही माझं पूर्ण जमत नाही, ते इथंच नोंदवतो. सगळ्यांना एका मापानं मोजू नकोस असं मी तिला सांगत असतो. रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या बँडनं आपलं नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर बोलावणं आलं तेव्हा त्यांनी अट घातली की हाउलिन वुल्फलाही बोलवा. तो काळा, धिप्पाड, पन्नाशी ओलांडलेला गायक गायला उभा राहिला आणि हे तरुण गोरे गायक त्याच्या पायाशी बसले. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं रविशंकरांकडून सतार शिकली आणि त्यांना गुरू म्हणायला तो कधी लाजला नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम केला, त्यात सुरुवात त्यानं गुरूला करायला लावली. वाद्यं जुळवून होताच लोकांनी टाळ्या पिटल्या. तेव्हा रविशंकर म्हणाले की नुसतं जुळवणं एवढं आवडलं, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा करतो. दादांना हा किस्सा सांगायचा राहून गेला. कणकेचा गोळा हातात धरून ते किती हसले असते!

आणि आयोमीनं कोणाचं चोरलं? ज्या मातीतून ब्लूज आला ती त्याची नव्हती, कबूल. पण त्या प्लास्टिकच्या टोप्या त्याच्या, तो उतरवलेला सूर त्याचा. हे मी मुलीला सांगतो तेव्हा ती मान्य करते, कारण गेवराईच्या त्या मुलाला ती लहानपणापासून काका म्हणते.

तिसरी पिढी म्हणजे माझा पुतण्या, वय १९, नांदेडला इंजिनिअरिंगला. त्याला ना भक्ती ना राग. २०२३ च्या नोव्हेंबरात बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज संगणकानं पियानोपासून वेगळा काढून ते पुरं केलं होतं. पुतण्यानं मला ते 'नवा बँड आहे, काका' म्हणून पाठवलं. बीटल्स १९७० मध्येच फुटले, लेनन १९८० मध्ये गेला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी रागावलो नाही. गाणं त्याला आवडलं होतं, आणि नाव सांगितल्यावर तो मागं मागं जात हॅरिसनपर्यंत आणि तिथून सतारीपर्यंत आपणच पोचला. दादांबरोबर मी एकदा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात गेलो होतो. कीर्तन कळत नव्हतं, पण मध्येच 'नामदेउ' ऐकू आलं आणि दादांनी चटकन हात जोडले. आपल्या नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. भाषा बदलली, मुलूख बदलला, गाणारे बदलले, नाव तेवढं टिकलं.

संपादक महाशय, आपल्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी या बँडांवर लेख छापाल तेव्हा गाण्याशेजारी ते मुळात कोणी रचलं आणि कोणाकडून घेतलं, तेही छापा. विली डिक्सन १९९२ मध्ये वारले. त्यांचं नाव मराठीत मी अजून वर्तमानपत्रात वाचलेलं नाही.

ट्रेनी पुण्याला परत गेला तेव्हा एक खोकं मला देऊन गेला होता. त्यात १४ कॅसेटी आहेत, बऱ्याच वाजत नाहीत. गेल्या महिन्यापासून रविवारी मुलगी मोबाइलवर शोधून सांगते आणि मी जाड कागदाची जॅकेटं कापून त्यांवर गाण्याखाली नावं लिहितो. दादांच्या कॅसेटवर पहिल्याच गाण्याखाली डिक्सन यांचं नाव लिहून झालं. सहा कॅसेटी अजून राहिल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त प्रेस शॉप सुपरवायझर
बजाजनगर, वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर