धक्काबुक्की नाही म्हणून चोरी नाही?

रविवार कारंजावर मुलीच्या पर्सची चेन उघडून मोबाइल लांबवला गेला. गुन्हा नोंदवला, चोरीचे मोबाइल बंद करणाऱ्या सरकारी सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय (मोबाइलचा ओळख क्रमांक) ब्लॉक केला, बिलही जोडले. तरी विमा कंपनीने दावा फेटाळला. कारण काय, तर 'बळाचा वापर झाला नाही'! खिसेकापूचे कसबच मुळी कुणाला कळू न देण्यात असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधील चोरीच्या व्याख्येत बळाची अट नाही. हिसकावून नेण्यासाठी कलम ३०४ वेगळे आहे. जाहिरातीत 'चोरीपासून संरक्षण' ठळक आणि ही अट बारीक अक्षरात, ही ग्राहकाची उघड फसवणूक आहे. कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाणार. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. दावा नाकारलेल्या इतर नाशिककरांनीही गप्प बसू नये.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक