हटियाचा कारखाना आणि भोसरीच्या शेड

चिंचवड, पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये महिनोन्महिने पगार थकल्याच्या बातम्या वाचून तू विचारले आहेस, की त्याच सुमारास पुण्यात उभे राहिलेले कारखाने तगले आणि हा अवाढव्य कारखाना का बुडाला; आणि विचारता विचारता उत्तरही देऊन मोकळा झाला आहेस, की सरकारी नोकरीत माणसे काम करत नाहीत. हे मला पटत नाही. भोसरीत लेथ आणि बोरिंग मशिनांच्या गराड्यात जन्म काढलेल्या माझ्या मते हे दुखणे कामगारांच्या हातात यंत्रे पडण्यापूर्वीच जडले होते.

कॉर्पोरेशनची स्थापना १९५८ च्या अखेरची. रांचीजवळ हटियाला सोव्हिएत मदतीने अवजड यंत्रांचा कारखाना, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने ओतकाम व घडाईचा (तापलेले लोखंड ठोकून आकार देण्याचा) एक व मशीन टूल्सचा, म्हणजे यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा एक, असे तीन कारखाने उभारण्याचे ठरले आणि १५ नोव्हेंबर १९६३ रोजी नेहरूंच्या हस्ते हा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. उद्दिष्ट असे, की दहा लाख टन क्षमतेच्या एका संपूर्ण पोलाद कारखान्याला लागणारी यंत्रसामग्री इथून दर वर्षी बाहेर पडावी. म्हणजे देशात दर वर्षी असा एक नवा कारखाना काढणारा कोणी तरी हवा, आणि तो एकच होता: केंद्र सरकार. दोन युद्धे, दुष्काळ आणि रुपयाचे अवमूल्यन यांच्या माऱ्यात १९६६ ते १९६९ पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी द्यावी लागली. यंत्रे नुकती बसलेली, माणसे नुकती शिकलेली, आणि एकुलत्या एका गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा. बोकारोच्या सरकारी पोलाद कारखान्याची पुष्कळशी यंत्रे पुढे हटियानेच दिली, पण एका बोकारोवर असा डोलारा किती वर्षे चालणार?

अवजड यंत्रांचा धंदा किती क्रूर असतो हे बाहेरच्याला कळत नाही. रोलिंग मिलचा, म्हणजे पोलाद लाटणाऱ्या यंत्राचा, एक मोठा सांगाडा ओतायचा, तो साच्यातच सावकाश निवू द्यायचा, भट्टीत घालून त्यातले ताण काढायचे, मग रफ मशिनिंग, तपासणी, फिनिशिंग आणि जोडणी. आणि इतके करून आत पोकळी निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्या काळात पैसा त्या लोखंडात अडकून पडतो. गिऱ्हाइकाने ॲडव्हान्स वेळेवर दिला नाही तर कच्चा माल येत नाही, माल आला नाही तर काम रेंगाळते, आणि काम रेंगाळले की करारातल्या दिरंगाईच्या दंडापायी उरलासुरला नफाही जातो. भट्टीत एक जॉब असो वा दहा, खर्च बहुतेक तोच. हे चक्र एकदा उलटे फिरू लागले, की ऑर्डरी हातात असूनही कारखाना उपाशी मरतो. हटियाचे आज नेमके हेच झाले आहे.

आता पुण्याकडे पाहा. १९६२ मध्ये एमआयडीसी (राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीत जे उभे राहिले ते मुख्यतः ट्रक, इंजिने आणि त्यांच्या सुट्या भागांचे काम होते. ट्रकच्या इंजिनाचे क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) हजारोंनी लागतात. रोलिंग मिल दशकातून एखादी. मोठ्या कारखान्याने काम बाहेर दिले, ते आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये आले, आणि ट्रकचे काम मंदावले की आम्ही पंपाचे किंवा ट्रॅक्टरचे धरले. हटियात ओतण्यापासून जोडणीपर्यंत सारे एकाच कुंपणात, त्यामुळे मंदीचा सगळा भार त्याच कुंपणात. ट्रकचे घडीव भाग बनवणाऱ्या मुंढव्याच्या भारत फोर्जने देशातल्या ट्रकच्या मागणीवरच विसंबून न राहता निर्यात वाढवली आणि पुढे जर्मनीतली कंपनीही विकत घेतली. तेव्हा शहाणपणात पुणेकर उजवे, असे म्हणायला (पुणेकर असल्यामुळे) मला आवडले असते. पण अवजड कामाचा खरा जोडीदार शोधायचा तर इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर घे. साखर कारखान्यांची यंत्रे आणि इस्रोच्या अग्निबाणांची आवरणे बनवणारी ती खासगी कंपनीसुद्धा पैशाच्या ओढाताणीतून सुटलेली नाही.

कामगारांचा दोष शून्य, असे मी म्हणत नाही. एके काळी हटियात बावीस हजारांच्या आसपास माणसे होती आणि तितके काम नव्हते, हे खरेच. १९९१ नंतर बाजार खुला झाला तेव्हा साठच्या दशकातल्या यंत्रांवर त्यांना जगाशी स्पर्धा करायची होती. २००४ मध्ये कंपनी गुंडाळण्यापर्यंत गोष्ट गेली, पुनरुज्जीवनानंतर काही वर्षे नफाही दिसला, पण नवी यंत्रे पुरेशी आली नाहीत आणि २०२२-२३ चा तोटा २८३ कोटींवर गेला. दरम्यान जमीन मात्र उपयोगी पडली: तिथे क्रिकेटचे स्टेडियम झाले, झारखंडची विधानसभा झाली.

चांद्रयान-३ च्या वेळचा वाद तुला आठवत असेल: पगार थकलेल्या हटियाच्या लोकांचा त्या मोहिमेत हात होता की नाही, हा. यानाचा एकही भाग हटियाकडून घेतलेला नाही, पूर्वी काही पायाभूत सामग्री घेतली होती, असे सरकारने सांगितले. शब्दशः ते बरोबरच आहे. पण श्रीहरिकोटाच्या ज्या दुसऱ्या प्रक्षेपणतळावरून ते यान गेले, त्याचा, अग्निबाण उभा करून तळापर्यंत नेणारा, सरकता चौथरा हटियात बनला होता. इतके अजस्र आणि इतके नेमके काम ज्यांनी केले, त्यांना कामचुकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तू भिलाईच्या पोलाद कारखान्यात विस्ताराच्या काळात होतास, म्हणून एक विचारतो. हटियाची यंत्रे उशिरा यायची तेव्हा खरे कारण काय असे: त्यांचे ओतकाम, त्यांच्याकडचा पैशाचा तुटवडा, की तुमच्याच कचेरीतून बदललेले नकाशे आणि अडकलेली बिले? माझा कयास शेवटच्यावर आहे. चुकत असेन तर सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद