अडलं तर विचारशील कुणाला?

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू "कॉलेज सोडून उरलेली दोन वर्षं ऑनलाइन करते" म्हणालीस, दोघींचेही आवाज चढले आणि फोन बंद झाला. हा विषय आठवडाभर नको, असं बाबा म्हणाले. मला राहवत नाही.

ऑनलाइनला माझा विरोध नाही. आजोबांनी नोकरी सांभाळून बाहेरून पदवी घेतली, तीही पोस्टाने येणाऱ्या धड्यांवर. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट खुले करायचं जाहीर केलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. आणि तू! बारावीत इंटिग्रेशनचा व्हिडिओ मागे नेऊन नेऊन पाहिलास आणि मग मलाच समजावलंस. इतक्या वेळा वर्गात कोण सांगतं?

पण २०२० आठव. स्क्रीनवर काळे चौकोन. सर विचारायचे, "समजलं का?" आणि चॅटमध्ये रांगेने "यस सर" यायचं. तुझंही. मी मागे उभी असायचे, वही कोरी दिसायची. वर्गात तुझ्या कपाळावरची आठी सरांना फळ्यापाशी दिसली असती, ते एक पायरी मागे आले असते. निदान शेजारणीने वही तरी सरकवली असती. घरात बसून तुझं अडलेलं कुणाला कळणार?

मोठमोठ्या ऑनलाइन कोर्सना नाव नोंदवणारे बहुतेक जण ते पूर्ण करत नाहीत. सगळे आळशी नसतात गं. अडल्यावर विचारायला माणूस नसलं की "उद्या बघू" होतं, असं मला वाटतं.

तरी करायचंच असेल, तर बसायची वेळ ठरव. व्हिडिओ संपला की बंद कर आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलंय: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला सगळं येतंय असं वाटलं, पण आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं ते न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, जागरणं करू नकोस... झालं माझं सुरू. रागावू नकोस, माफ कर.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमधला टायट्रेशनचा, थेंब थेंब द्रावण सोडून नेमका रंग आणायचा, तो दिवस मात्र डोक्यातून जात नाही. ब्युरेटची, म्हणजे त्या उभ्या काचनळीची, तोटी धरून बोटं अवघडली होती, प्रत्येक वेळी एक थेंब जास्त पडून रंग गडद होत होता. मॅडम मागे येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. रात्री फोनवर केवढ्याने ओरडलीस, "आई, फिकट गुलाबी आला!" ताईलाही ऐकू गेलं. तो हात तुझा स्वतःचा आहे, तो कुठेही शिकलीस तरी जाणार नाही. पण पुढचं प्रॅक्टिकल कुठे करशील? मागे कोण उभं असेल?

पदवीला मान्यता आहे का, प्रयोगशाळा मिळणार का आणि शंकेला उत्तर देणारं खरं माणूस कोण, एवढं विचारून रविवारी कळव. उत्तरं नीट आली तर फॉर्म भर, मी आडवी येणार नाही. बाबा चिडलेले नाहीत, फीचं ते बघतील.

तुझी,
आई